निम्मी वीज

मुलीने गेमचं नवीन मशीन आणलं. जुन्याच्या निम्म्या जाडीचं, वीज निम्मी, आवाज नाही. हे सगळं तिने खोक्यावरून वाचून दाखवलं. जुनं आठ दिवसांत दुकानात द्यायचं होतं, तशी सवलत होती.

जुनं माझ्या बायकोचं. ती जाऊन आठ महिने झाले. ते चालू झालं की मिक्सरसारखं ओरडायचं आणि इतकं तापायचं की ही त्यावर माझे मोजे वाळत घालायची. मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. हवा जायची जागा झाकू नये, हे मी तिला पुष्कळदा सांगितलं. लिफ्टवर मोजे वाळले असते तर मशीनला त्रास दिला नसता, असं तिचं म्हणणं.

ती एकच गेम खेळायची. त्यात शेत, तळं आणि एक घर होतं. घरापुढच्या बाकावर तिने एक टकलू माणूस बसवला होता. त्याचं नाव 'अहो'. तो काही काम करत नाही. जवळ गेलं की उठतो, "जेवलीस का?" विचारतो आणि परत बसतो. वाक्य तिनेच टाइप केलेलं. लग्नानंतर मी तेवढंच बोललो, असं ती सगळ्यांना सांगायची.

तो नव्यात येईल का, एवढंच मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, सगळं येतं. दोन्ही मशीन वायरने जोडायची, तीन तास काही बंद करायचं नाही. मग जुन्यातलं सगळं पुसून ते दुकानात.

वायर जोडून पावणेदोन तास झाल्यावर ती अंघोळीला गेली. मला टीव्हीमागे एक वायर ढिली दिसली. ढिली वायर दिसली की आधी मेन बंद करायचा, मग हात लावायचा. ही सवय होती म्हणून माझी दहा बोटं शाबूत आहेत. मी मेन बंद केला. नव्यात एकसष्ट टक्के आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मला खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि अडीच तासांनी चहा टाकायला गेली. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना मी पुन्हा मेन बंद केला.

तिने टीव्हीमागे हात घालून बघितलं.

"बाबा, वायर घट्ट आहे."

"काल ढिली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मेन चालू केला आणि जुन्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मी मांडीवरचे हात उचलले नाहीत. तिसऱ्या वेळेला पंखा ओरडला.

शेत आलं, तळं आलं. ती घरापर्यंत गेली. टकलू उठला.

"जेवलीस का?"

"अजून नाही," मुलगी टीव्हीला म्हणाली.

तो बसला. तिने नवीन मशीन उचलून आपल्या खोलीत नेलं. दुकानात काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

वीज निम्मी लागणार होती, ती आता दोन्ही मशीन मिळून दीडपट लागते. मोजे वेळेवर वाळतात.