हत्ती संघाची चूल

“काढून टाकावी की सर ती दाढ. किती दिवस कुरवाळत बसणार?” मोर संघाच्या चुलीत फुंकर घालता घालता हिंदुरावानं विचारलं. बसलिंगप्पा सरांनी गालावरचा हात न काढताच त्याला डोळे दाखवले.

शनिवारी दुपारी सोलापुरातून सायकली हाणत स्काउट पथक होटगीच्या अलीकडच्या मळ्यात आलं, तंबू ठोकले, शेकोटी पेटली आणि नेमकी तेव्हापासून सरांची दाढ ठणकायला लागली. लवंगा चघळून चघळून जीभ बधिर झाली, पण दाढ काही ऐकेना. रविवारची दुपार झाली तरी पोटात चहापलीकडं काही गेलेलं नव्हतं. आणि रविवारची दुपार म्हणजे तर शिबिरातला मोठा सोहळा. चारही संघ आपापल्या चुलीवर रांधायचे आणि सर चुलीचुलीपाशी जाऊन चव बघायचे, मार्क द्यायचे.

“वीरू, आज तू चव घे,” त्यांनी हाक मारली. “मी मागनं येतो.”

वीरभद्र सरांचाच मुलगा, नववीतला, सगळ्या पथकाचा नायक. घरी अप्पा म्हणायचा, शिबिरात सर. बापाचं चालणं, बोलणं, हात पाठीमागं बांधून उभं राहणं, सगळं त्यानं उचललं होतं. तेही थट्टेनं नव्हे, भक्तीनं. सर वरवर रागवायचे, पण आतून त्यांना ते फार आवडायचं.

आवडण्यासारखं होतंही. चित्रकलेच्या या शिक्षकाबद्दल शाळेत वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. स्काउटचे नियम म्हणून घेताना ‘स्काउट सर्वांचा मित्र असतो’ इथं त्यांचा आवाज हमखास चढायचा. आपण सुधारलेले आहोत, असं ते समजत, आणि तसं समजायला त्यांच्याकडं कारणंही बरीच होती.

वीरूनं फेरी सुरू केली. वाघ संघानं पळसाच्या पानावर पिठलं पुढं केलं. ते चाटून तो म्हणाला, “तिखटाचा हात आवरा रे जरा.” पोरं खिदळली, कारण वाक्य थेट सरांचं होतं. मोर संघानं वांगं वाढलं, हरिण संघानं खिचडी. सर मागून गाल धरून चालत होते आणि दुखण्यातही त्यांना हसू येत होतं.

हत्ती संघ शेवटी, बांधापलीकडच्या बाभळीखाली. त्यात धोंडीराम कांबळे आणि त्याच्याच वस्तीतली पोरं. सरांनी संघ गल्लीवार पाडले होते. एका गल्लीतली पोरं एकत्र येतात, एकत्र घरी जातात, सोयीचं पडतं. हे खरंच होतं. त्या सोयीत आणखी एक सोय होती, तिच्याकडं मात्र सरांनी कधी नीट पाहिलं नव्हतं.

वीरूला येताना बघून धोंडीरामानं फडक्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तो मागं सरकला. हातात ना पान, ना पळी.

वीरू वाकला. हात पाठीमागं. डोळे मिटून त्यानं लांब श्वास ओढला, मान डोलावली आणि म्हणाला, “वा! नुसत्या वासानंच पोट भरलं बघ. आठ मार्क.”

शब्द सरांचे होते. तो श्वाससुद्धा सरांचाच होता. सरांची कानशिलं तापली. आजवर ‘इथं नुसता वासच का’ असं कुणी विचारलंच असतं तर त्यांच्याकडं उत्तर तयार होतं: आपण लिंगवंत, मटणमासळी न शिवणारे, कुणाच्या भांड्यात काय शिजलेलं असेल कोण जाणे. पण भांडी शाळेची होती. राखेनं घासून सगळी एकाच पोत्यात जायची आणि दर खेपेला ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. मागच्या शिबिरात हेच चेपलेलं पातेलं मोर संघाकडं होतं आणि त्यातली आमटी सरांनी दोनदा मागून घेतली होती.

“वीरू, खाऊन बघ,” ते म्हणाले.

वीरू गोंधळला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “पण अप्पा, यांच्यात वास घ्यायचा असतो न्हवं?”

हळू म्हणाला तरी सगळ्यांनी ऐकलं. नवल कुणालाच वाटलं नाही. हत्ती संघातल्या एकानंही मान वर केली नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“धोंडीराम, मला वाढ.”

“सर, दाढ दुखतीया की तुमची.”

“दुखू दे. वाढ तू.”

धोंडीराम घुटमळला. “तसं न्हाय, सर. बाकीची समदी तुमचं धरून रांधत्यात. आमी आमच्यापुरतंच करताव. तुमचं धरलेलं नसतंय.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तंबूची एक खुंटी कमी आहे हे त्यानं असंच सांगितलं असतं. ‘राहू दे मग’ म्हणून सर मागं फिरले असते तर सहज सुटले असते. पण वीरू बघत होता. त्यांनी तळवा पुढं केला.

“तुझ्यातला घास दे.”

धोंडीरामानं आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि सरांच्या हातावर आणला. तिथं तो थांबला. हात वीतभर वर धरून, बोटं लागणार नाहीत अशा बेतानं त्यानं घास खाली सोडला. असं करायला सरांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नव्हतं.

सरांनी घास तोंडात घातला.

“मीठ बराबर हाय का, सर?” धोंडीरामानं विचारलं. बाकीच्या चुलींवर पोरं हे ओरडून विचारायची. इथं आज पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि संघातली सगळी पोरं सरांच्या तोंडाकडं बघत होती.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. त्यांना कसलीच चव कळली नव्हती.

पोरं खाली बसून जेवायला लागली. सरांचा तळवा आमटीनं माखला होता आणि विहिरीवरची पाण्यानं भरलेली बादली जवळच होती. तिकडं जायला त्यांचा पाय उचलेना. शेजारी वीरू हात पाठीमागं बांधून उभा होता, अप्पा आता काय करतात ते बघत. सरांनी ओला हात तसाच मिटून घेतला.