जयजयकारात न वाजलेली घंटा

मित्रांनो, गरुडाच्या मुठीची, हातात मावेल एवढी, पितळेची जुनी घंटा मी. माझी कहाणी फार मोठी नाही. पण तिचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नागपूरच्या एका ओताऱ्याने मला ओतले. कमलिनीबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला रुखवतात ठेवले, आणि त्यांचे यजमान नीळकंठराव यांना भोपाळच्या कारखान्यात नोकरी लागली तशी मीही तिथल्या सोनागिरी वसाहतीतल्या त्यांच्या देवघरात आले. कमलिनीबाईंचे नेम फार. सोमवार, चतुर्थी, आणि चातुर्मासात रोज दिवा लावला की तासभर मौन. कोणी दार वाजवो, कुकर शिट्ट्या मारो, बाई बोलायच्या नाहीत.

एका गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाची टेबलावरची घंटा बिघडली. वादविवाद स्पर्धा तोंडावर आली होती, म्हणून मला नेले. चार मिनिटे झाली की एकदा वाजायचे, पाच झाली की दोनदा. देवापुढे माझा आवाज म्हणजे ‘या’. इथे तोच आवाज ‘पुरे’ झाला. मला फार अवघडल्यासारखे वाटले. पण मंडळाचे सचिव वसंतकाका सगळ्यांदेखत म्हणाले, “या घंटेपुढे मोठे साहेबसुद्धा गप्प बसतात बरं!” खोटे कशाला बोलू, मी सुखावले. तेव्हापासून दरवर्षी दहा दिवस मी मंडळाची आणि एरवी घरची. एकदा मात्र परत आणायचेच सगळे विसरले. दिवाळीपर्यंत मी सतरंज्यांखाली हिरवी पडत होते.

यंदा वेळ पाहायला बसली कमलिनीबाईंची मुलगी जुई. राज्यशास्त्र शिकते. विषय होता, ‘संसदेत स्त्रियांना राखीव जागा हव्यात का?’ जिंकणारा इंदूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. पाच मिनिटांवर गेले की एक गुण कापायचा, असा नियम.

आधी उठली रसिका, जुईची मैत्रीण. छान बोलली. शेवटी म्हणाली, “आम्हाला देवी म्हणू नका. आम्हाला काय हवं ते नुसतं एकदा—” आणि पाच मिनिटे झाली. जुईने मला दोनदा वाजवले. रसिकाने वाक्य तिथेच गिळले आणि खाली बसली.

मग चिन्मय. “जिला आपण देवी मानतो, तिला तेहतीस टक्क्यांत कोंबायचं?” टाळ्या पडल्या. पाच मिनिटे झाली. जुईने मला उचलले, आणि नेमक्या त्याच क्षणी तो गरजला, “भारत माता की!” सगळे सभागृह उभे राहिले. “जय!” एकदा, दोनदा, तीनदा. त्यावर त्याने आणखी तीन वाक्ये म्हटली. जुईचा हात हवेतच. मी तिच्या मुठीत घामाने ओली झाले होते, पण वाजले नाही. वाजले तेव्हा चाळीस सेकंद वर गेले होते.

तिने कागदावर लिहिले : पाच मिनिटे.

चिन्मय एका गुणाने जिंकला.

त्या संध्याकाळी जुई मला घेऊन घरी आली. कमलिनीबाईंनी दिवा लावला आणि त्यांचे मौन सुरू झाले. जुई त्यांच्यासमोर बसली. “आई, जयजयकार चालू असताना घंटा कशी वाजवायची गं? लोक काय म्हणाले असते? तूच शिकवलंस ना, कोणी बोलत असताना मुलीनं मध्येच तोडू नये? मग रसिकाला कसं तोडलं मी? आणि मी पाच का लिहिलं? जाऊन सांगू का?”

बाईंचे डोळे भरले. त्यांनी मला उचलून जुईच्या हातात दिले.

जा, सांगून ये? की आरतीची वेळ झाली, घंटा मंडळात पोचव? मला कळले नाही. जुईलाही कळले नसावे. पण ती निघाली.

मंडळात वसंतकाका निरांजनाच्या वाती करत होते. परीक्षक मंजूषाताईही होत्या. जुईने सांगून टाकले.

“अगं, निकाल लागला!” काका म्हणाले. “आणि घोषणा म्हणजे का भाषण? देशाच्या नावाचे सेकंद मोजतेस?”

“घोषणेनंतर तीन वाक्यं होती, काका.”

चिन्मय चपला काढत होता, तो कान खाजवत म्हणाला, “मुद्दाम नाही हो केलं. फ्लो में था मैं.” मग हळूच म्हणाला, “म्हणजे... थोडंसं मुद्दाम.”

मंजूषाताईंनी त्याचा एक गुण कापला. दोघे बरोबरीत आले. आता? काकांनी दोन चिठ्ठ्या गणपतीपुढे टाकल्या आणि ताईंनी डोळे मिटून एक उचलली.

चिन्मय!

“बघ,” काका म्हणाले, “बाप्पाच्या मनात तेच होतं.”

आरतीला आलेली रसिका जुईला कोपऱ्यात घेऊन गेली. “त्या तीन वाक्यांचे मार्क्स तर त्याच्याकडेच राहिले ना? तू टाइमवर का नाही बजावली गं? माझ्यावर तर लगेच बजावली.” मी रोज देवापुढे वाजते, तरी ती चिठ्ठी देवाने काढली की आमच्या चाळीस सेकंदांनी, हे मला सांगता यायचे नाही.

दुसऱ्या दिवशी लहान गट होता. तिसरीतली सायली बोलत होती. पाच मिनिटे झाली, आणि तिने हात जोडून म्हटले, “गणपती बाप्पा...” सगळे ‘मोरया’ म्हणायला तोंड उघडणार, तोच जुईने मला दोनदा वाजवले. हात असा थरथरत होता की मी तीनदा वाजले.

सायलीचे ओठ वाकडे झाले. तिची आई उठलीच, “अहो, देवाचं नाव घेत होती पोर! काही लाज?” आणि मागच्या रांगेत बसलेल्या कमलिनीबाईंनी मान खाली घातली. लाजेने की नमस्काराला, कोण जाणे.

जुईने कागदावर लिहिले : पाच मिनिटे. या वेळी ते खरे होते. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

मित्रांनो, मला चिंच-मिठाने घासायला विसरलात तरी चालेल. पितळ आहे मी, हिरवी पडेन, पुन्हा उजळेन. पण जिच्या हाती मला देता, त्या मुलीला नंतर एकटी पाडू नका. सगळे उभे राहून ओरडत असताना मला वाजवायला किती बळ लागते, हे तुम्हाला खुर्चीत बसून कळायचे नाही. मला कळते. तिच्या हाताची सगळी थरथर माझ्यातून जाते.