सुतेला कोण उचलणार

माझ्या तान्ह्या कोनात्सूला महिन्यात तिसऱ्यांदा ताप चढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "टोपलीत घालून चौकात ठेव. शेजारच्या तोकिएबाई उचलतील आणि तुला परत देतील. टाकलेल्या लेकराकडे दुखणं फिरकत नाही. माझ्या आत्याचं नावच त्यावरून पडलं, सुते, म्हणजे टाकलेली. नव्वद वर्षं जगली."

"आई, डॉक्टर आहेत ना," मी म्हणाले. लेकीला टाकायला मन धजेना. पण मी साप्ताहिकात चित्रकथा काढते, आणि नव्या नायिकेला अजून नाव नव्हतं. तिला सुते म्हटलं आणि कागदावरच चौकात ठेवलं.

संपादक कुरामोचींचा फोन आला. "नायिकेचं नाव टाकलेली? बरं, राहू दे. पण भाग टोपलीवरच संपवा. वाचक आठवडाभर तळमळतील."

मांडीवर कोनात्सूचं अंग अजून कढतच होतं. आठवडाभर त्या पोरीला कुणी उचलणारच नाही, हे मला सोसेना.

"मला आणखी एक चौकट हवी."

"जागा नाही हो बाई."

"मग शीर्षक लहान करा."

फोन ठेवून मी आधी उचलणारीचे हात काढले.