चौथी ओळ

मी एक जुना लष्करी ट्रक. पाठीवर पत्र्याची बंद खोली घेऊनच कारखान्यातून बाहेर पडलो. तोफा कधी ओढल्या नाहीत, दारूगोळाही वाहिला नाही. माझं काम निराळं होतं आणि ते मी इमानेइतबारे केलं.

पुढे लष्कराने मला लिलावात काढलं. कोंबड्या पाळणाऱ्या एकाने मला घेतलं, आतून-बाहेरून हिरवा रंग फासला आणि माझ्या खोलीचं खुराडं केलं. मी मूळचा कोण, हे सगळे विसरले. मला तर सांगता येत नाही.

शेवटी आलो ते ताईच्या गॅरेजात. वडिलांमागे गॅरेज तीच सांभाळते. तिचे काका शाळेची बस चालवतात आणि सुटीच्या दिवशी तिच्या मदतीला येतात. मला बघताच म्हणाले, "ही खोली कापून टाक. वर पाण्याची टाकी बसव. कामाला तरी येईल."



"थांबा हो काका," ताई म्हणाली. "आधी हा होता तरी काय, ते कळू दे."

आत भिंतीभर चिमुकले खण होते. ओट्यावर पायाने फिरवायचं घासायचं चाक, त्याखाली पाणी वाहून जायला पन्हळ.

"सुऱ्यांना धार लावायची गाडी," काकांनी निकाल दिला.

"मग खणांवर अधिक-उणे आकडे कोरलेत ते कशाला? धारेला उणे कुठून आलं?"

ताईने दाराच्या आतल्या बाजूचा रंग खरवडायला घेतला. एक तळहाताएवढं अक्षर निघालं. खाली त्याहून लहान दोन, त्याखाली आणखी बारीक. ती ओरडलीच.

"काका, ही चष्म्यांची गाडी! इथेच डोळे तपासायचे, इथेच काच घासायची!"

अगदी बरोबर! एका शिपायाने नवा चष्मा लावून माझ्या पायरीवर बसून आईचं पत्र तीनदा वाचलं होतं. तोवर तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.

मग गंमत म्हणून ताई दार उघडं ठेवून आठ पावलं मागे गेली. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. काका चौथ्या ओळीवर अडले.

"रंग नीट निघाला नाहीये."

"निघालाय, काका."

काका खाली बघत राहिले. "दोन वर्षं झाली. बोललो असतो तर बस गेली असती गं हातातून."

ताईने हात पुढे केला. "किल्ली द्या. बसचा परवाना आहे माझ्याकडे. चष्मा होईपर्यंत मी चालवते. पोरं असतात त्या बसमध्ये."

काकांनी किल्ली दिली.

आठवड्याने ते चष्मा लावून आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिच्याकडेच बघत राहिले. "अगं, तुझे केस इतके पांढरे झाले कधी?"

"चष्मा परत करून या आधी!" ताई म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

काकांनी शेवटची ओळ वाचली. किल्ली परत मिळाली. माझी खोली कुणी कापली नाही.

इंजिन अजून रुसलेलंच आहे. मी फाटकाशी उभा असतो, दार उघडं ठेवून. कधी इकडून गेलात तर आठ पावलांवर थांबा. खालची ओळ दिसली नाही तर लाजू नका. मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही मात्र घरी सांगा.