सात अंशांची लाल रेघ

मित्रांनो, मी थंडी लिहून ठेवणारे एक जुने यंत्र आहे. हसू नका. पितळी डबा, घड्याळासारखी चावी, चावीवर फिरणारे नळकांडे, त्यावर गुंडाळलेला आठवड्याचा कागद आणि शाईत भिजलेली एक बारीक निब, एवढाच माझा संसार. हवा गार झाली की निब खाली उतरते, ऊब आली की वर चढते. मला बोलता येत नाही, पण रेघ मात्र मी कधी खोटी ओढलेली नाही.

चेरीच्या बागेत, उतारावर, एका पांढऱ्या जाळीदार पेटीत मला बागवान आजोबांनी बसवले. तेव्हा ते आजोबा नव्हते. मिशाही काळ्याभोर होत्या. दर सोमवारी सकाळी ते यायचे, चावी द्यायचे, कागद बदलायचे. प्रत्येक कागदावर सात अंशांपाशी एक लाल रेघ आखलेली असायची. माझी निब तिच्या खाली जितके तास राही, तितके तास झाडांची झोप झाली, असे ते धरत. चेरीला हिवाळ्यात अशी हजारेक तासांची झोप लागते. ती पुरी झाली नाही, तर वसंतात झाड धड फुलत नाही. चार फुले इथे, चार तिथे. मग कळ्या उठवणारे औषध फवारावे लागते. "यंत्राला विचारल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही," असे आजोबा मुलाला बजावत. माझी छाती तेव्हा फुगून जायची.

अशी तीस वर्षे गेली आणि आजोबांचे गुडघे कुरकुरू लागले. निसरड्या उतारावर ते दोनदा पडले. तेव्हा मुलाने मला उचलले आणि घराच्या भिंतीवर, त्यांच्या खोलीच्या खिडकीशेजारी ठोकले. "बाबा, आता पलंगावरून उठायचं, खिडकी उघडायची, की झालं." आजोबांचे डोळे भरून आले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

पण त्याच भिंतीला लागून, आजोबांच्या गुडघ्यांसाठी, आतून शेगडी पेटू लागली होती. भिंत उबदार, म्हणून मीही उबदार. माझी निब लाल रेघेच्या वरच रेंगाळू लागली. मी लिहीत होते ते खरेच होते, पण ते भिंतीचे होते, झाडांचे नव्हते.

"थंडीनं कान गळून पडायची वेळ आलीय, आणि हे म्हणतंय थंडी नाही!" उघड्या खिडकीशी आजोबा कुरकुरले. मग स्वतःशीच म्हणाले, "तीस वर्षांत कधी चुकलं नाही ते. माझेच कान म्हातारे झाले." मित्रांनो, इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

मुलाने औषध फवारले. ज्यांची झोप केव्हाच पुरी झाली होती ती झाडे वेळेआधी फुलली आणि हिमाच्या एका कडाक्यात सगळा फुलोरा काळा पडला. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. "हिवाळेच राहिले नाहीत," मुलगा म्हणाला. "ही झाडं काढू, कमी थंडीवर येणारी लावू." साठ झाडे होती, एकूण एक आजोबांच्या हातची. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चौथ्या हिवाळ्यात गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना दवाखान्यात नेले. रिकाम्या खोलीत शेगडी कोण पेटवणार? त्याच संध्याकाळी माझी निब जी खाली घसरली, ती आठवडाभर लाल रेघेच्या वर आलीच नाही. सोमवारी सूनबाई कागद बदलायला आल्या. जुना कागद त्यांनी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. त्याआधीच्या आठवड्याचा काढून शेजारी धरला. मग भिंतीवर हात टेकवला. भिंत गारठलेली होती. माझा जीव टांगणीला लागला, कारण बागेतून करवतीचा आवाज येत होता.

सूनबाई तशाच उतारावर धावल्या. "अहो, थांबवा ती करवत! हिवाळा कुठं गेलेला नाही. तीन वर्षं आपण यंत्राला शेगडीवर शेकतोय!"

मुलाने ते दोन कागद शेजारी शेजारी धरून पाहिले आणि करवत थांबवली. दोन झाडे तोवर आडवी झाली होती.

आजोबा काठी टेकत घरी आले आणि त्यांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे झोप झाली होती त्यांची," ते हळूच म्हणाले. "आपणच घाई करून थंडीत बाहेर काढलं त्यांना."

"चूक माझी, बाबा. मीच हलवलं ते."

"माझ्या गुडघ्यांसाठी हलवलंस, बाळा. उद्या परत बागेत नेऊन ठेव. मला नाही दिसलं तरी चालेल."

त्या वर्षी पंपाला कोणी हात लावला नाही. शेवटचे हिम पडून गेल्यावर, आपल्या वेळेला, झाडे फुलली. आजोबांना अजून उतार झेपत नाही. सूनबाई दर सोमवारी कागद नेऊन त्यांच्या मांडीवर पसरतात.

मित्रांनो, यंत्रावर जरूर विश्वास ठेवा, पण ते कुठे टांगले आहे तेही बघा, आणि आपले कान गारठले असतील तर त्यांचेही ऐका. माझी पेटी आता त्या दोन तोडलेल्या बुंध्यांच्या मधे उभी आहे. बाकीची अठ्ठावन्न झाडे फुलतात तेव्हा एवढी जागा मोकळीच राहते. मला कोणी दोष देत नाही, आणि तेच मला जास्त लागते.