डोलकाठीखालचे नाणे

मित्रांनो, मी रोमच्या टांकसाळीतले एक जुने, काशाचे नाणे आहे. तापलेल्या चकतीवर घण बसला आणि माझा जन्म झाला. माझ्या एका अंगावर दारांचा देव जानुस आहे. त्याचे एक तोंड मागे पाहते, एक पुढे. दुसऱ्या अंगावर जहाजाची नाळ, म्हणजे लाटा कापणारे टोक आहे.

बाजारात फिरून फिरून मी झिजले. सम्राटांचे चेहरे असलेली नवी नाणी आली, तशी लोक मला नाक मुरडून घेऊ लागले. शेवटी एका जहाजमालकाने मला कमरेच्या पिशवीत जपून ठेवले.

तो वारला. त्याची बायको विबिया हिने ओस्तियाच्या बंदरात नवे जहाज बांधले. डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखालच्या खोबणीत शुभ म्हणून नाणे ठेवतात. खलाशांचा म्होरक्या, तांडेल हेल्वियस, ह्याने चकचकीत नाणे काढले.

"बाईसाहेब, हे घाला. खुद्द सम्राटांचा चेहरा आहे!"

"अहो, त्यांना होडीत बसलं की ओकाऱ्या होतात म्हणे!" विबिया हसली. "हे घ्या. आमच्या ह्यांच्या कमरेला असायचं. ह्याच्यावर जहाज आहे."

"ह्या झिजक्या तुकड्याच्या भरवशावर समुद्रात जायचं?" हेल्वियस पुटपुटला, पण त्याने मला खोबणीत ठेवले. वर डोलकाठी बसली आणि अंधार झाला.

सिसिलीजवळ वादळाने गाठले. जहाज कलंडू लागले, तेव्हा हेल्वियसने स्वतः कुऱ्हाड घेऊन डोलकाठी तोडली. उरलेला बुंधा उखडून समुद्रात गेला आणि माझ्यावर उजेड पडला. खलाशी रडत बसले होते.

"तांडेल, नाणं जागेवर आहे!" दामा नावाचा खलाशी ओरडला. "तसूभर हललं नाही!"

हेल्वियसने वाकून माझ्यावर तळवा ठेवला. "मग बघता काय, रडक्यांनो? मारा वल्ही!"

सगळे वल्ह्यांना भिडले. जहाज सिसिलीतल्याच मेसानाच्या बंदराला लागले, एकही माणूस न गमावता. तिथला सुतार नवी डोलकाठी बसवताना म्हणाला, "आता नाणंही नवं घाला की."

"खबरदार, त्याला हात लावशील तर!" हेल्वियस गरजला. मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुगली!

पुढे ते जहाज म्हातारे होऊन बुडाले. मी शतकानुशतके गाळात राहिले आणि हिरवे झाले. माझा एखादा भाऊबंद तुम्हांला सापडला, तर चिंच लावून घासू नका. चकाकी येईल, पण उरलेसुरले चित्र पुसून जाईल. त्याला जाणत्या माणसाच्या हाती द्या. हा हिरवा पोशाख आम्हांला काळाने मानाने चढवला आहे. तो अंगावर राहू द्या.