टाकीत उतरणारा माणूस

हर्षद टाकीत गेल्याला पाच महिने झाले, तेव्हा मृणालने आपल्या भावाला पुन्हा टाकीत उतरताना पाहिलं. अलिबागला, चौकशीच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर. कारखान्याने बाहेरून ॲनिमेशनची फिल्म करून आणली होती. पिवळ्या हेल्मेटचा एक बाहुला कोणाला न विचारता, कमरेला पट्टा न बांधता शिडी उतरला आणि तळाला जाऊन गुमान आडवा झाला. सगळं मिळून बावीस सेकंदांत.

"तुमच्याकडे काही असेल तर पुढच्या तारखेला आणा," चौकशी अधिकारी म्हणाले. माणूस सभ्य होता.

मृणालकडे होता विपुल. समोरच्या घरातला, हर्षदच्या जोडीने कारखान्यातल्या रसायनाच्या टाक्या साफ करणारा, त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी उभा असलेला. पट्टा नाही म्हणून हर्षद अडून बसला, तरी सुपरवायझरने त्याला उतरवलं, हे विपुलने दहाव्याच्या दिवशी रडत सांगितलं होतं. पण चार माणसांत त्याची जीभ अडखळायची. त्या बावीस सेकंदांपुढे हा टिकायचा नाही, हे मृणालला तिथेच कळलं. तिने ठरवलं, आपणही फिल्म करायची.

ती झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायची, त्यामुळे कॉम्प्युटरवर हात बसलेला होता. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि व्हिडिओ बघून शिकायला लागली. व्हिडिओतला पोरगा हिंदीत बोलायचा, दर दोन वाक्यांनी हसायचा, आणि कुठलं बटण दाबलं ते दिसायच्या आत पुढे गेलेला असायचा. ती थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. तीन आठवड्यांत तिला उसळता चेंडू आणि डुलता कंदील जमले. शिडी उतरणारा माणूस जमेना. हात शिकले होते, डोक्यात काहीच शिरलं नव्हतं. वर ते हसणं. एका दुपारी तिने ते मध्येच बंद केलं.

मग तिने त्या सॉफ्टवेअरची लेखी माहिती छापून घेतली. एकशे चाळीस पानं, कोरडं इंग्रजी. समासात पेन्सिलीने मराठी लिहीत ती वाचायला बसली. एकेका पानाला दिवस जायचा, पण कोणी घाई करत नव्हतं. कुठल्या क्षणी हात कुठे आहे, पाय कुठे आहे याच्या खुणा आपण करायच्या आणि दोन खुणांमधली हालचाल कॉम्प्युटर स्वतः भरतो, हे तिला तिथे पहिल्यांदा समजलं.

तरी बाहुल्याला वजन येईना. फुग्यासारखा तरंगत उतरायचा. वजन कुठल्या पायावर असतं ते पानात लिहिलेलं होतं, तिने ते पाठही केलं, पण दिसत नव्हतं. शेवटी तिने फोनमधला जुना व्हिडिओ काढला. कौलांवर ताडपत्री टाकून हर्षद शिडीवरून उतरत होता. "शूटिंग कसली करते, शिडी धर!" तो ओरडला. तिने आवाज बंद केला आणि एकेक चित्र थांबवून बघितलं. उजवा गुडघा आधी वाकवायचा, मग थोडा थांबायचा. तेवढंच तिने बाहुल्यात उतरवलं, आणि बाहुला हर्षदसारखा उतरायला लागला. ती उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. गिऱ्हाईक हाका मारत राहिलं.

आता विपुलच्या खुणा करायच्या होत्या. कारखान्याच्याच कागदांत हर्षद उतरल्याची वेळ होती अकरा पाच, धोक्याचा भोंगा वाजल्याची अकरा बारा. विपुलने सांगितल्याप्रमाणे तिने दुसरा बाहुला टाकीच्या तोंडाशी उभा केला. तो सात मिनिटं नुसताच उभा राहिला.

तिने विपुलला बोलावून ते दाखवलं. "हा इतका वेळ काय करतोय, विपुल?"

"मी नव्हतो तिथं, ताई. सुपरवायझरचा फोन आला, पलीकडचा व्हॉल्व्ह बंद कर म्हणून. हर्षद बोलला, जाव नको. मी बोललो, आलोच. परत आलो तवा शिडीची खालची पायरी धरून व्हता."

"जिवंत?"

"व्हय."

"मग?"

"मी पळालो. शेडमागं जाऊन बसलो. भोंगा दुसऱ्याच कोणी वाजवला." मग हात जोडून म्हणाला, "ह्ये दाखवू नको. साक्ष देतो मी, पन ह्ये नको."

ते वगळलं तर सात मिनिटांचा हिशेब लागत नव्हता. ठेवलं तर विपुल येणार नव्हता. मृणालने दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने विपुलचा बाहुला चालवला. व्हॉल्व्हपर्यंत, परत, आणि मग शेडमागे.

तारखेला विपुल आला नाही. फोन बंद. उरणला कुठल्याशा ट्रकवर लागला, असं नंतर कळलं.

अधिकाऱ्यांनी फिल्म दोनदा पाहिली. "मेहनत केलीत," ते म्हणाले. "पण हे पाहिलेला माणूस कुठे आहे?"

"त्यांच्या फिल्ममधलं कोणी पाहिलं होतं, साहेब?"

ते फायलीची नाडी बांधू लागले. महिन्याने अहवाल आला : मृत कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

आईला, सोनाबाईला, मृणालने तो वाचून दाखवला. सोनाबाईने ऐकलं आणि म्हणाली, "कागदातलं तू सांगशील तेवढंच मना कळतं, बाय. तू केलंयस ते तरी बघू दे."

मृणाल इतके दिवस टाळत होती. तिने दुकानातून आणलेला लॅपटॉप ओट्यावर ठेवला. पिवळ्या हेल्मेटचा बाहुला शिडीवर दोन पायऱ्या उतरला आणि सोनाबाई पुटपुटली, "हर्षदच ह्यो." पुढे विपुल निघून गेला. खाली हर्षदच्या बाहुल्याने शिडीची पायरी धरली. मृणाल बंद करायला पुढे सरसावली, तशी आईने तिचं मनगट धरलं आणि शेवटापर्यंत सोडलं नाही.

"किती वेळ धरून व्हता?"

"माहीत नाही, आये. विपुल परत आला तेव्हा तरी धरून होता."

सोनाबाईने अंगणापलीकडे बघितलं. समोरच्या घरात विपुलची आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"तिला यातलं काय सांगू नको," सोनाबाई म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत उठली.